सात होड्या, एक ढीग

माशांची नावं मी अक्षरांच्या आधी शिकले. कटला ओळखायचा त्याच्या मोठ्या डोक्यावरून, रोहू तांबूस झाकेवरून, मृगळ तोंडाच्या बारीक चिरेवरून. शिंगट्याला हात लावायचा नाही, त्याचा काटा लागला तर दिवसभर ठणका राहतो. मरळ पाण्याबाहेर काढली तरी तास-दीड तास मरत नाही, म्हणून ती पाटीत सगळ्यात शेवटी ठेवायची, नाहीतर बाकीच्यांना घुसळून काढते. वांब दिसायला सापासारखी आणि चवीला सगळ्यांत वरचढ. चिलापी कुणी सोडली नाही तरी वाढते आणि कुणी मागितली नाही तरी जाळ्यात येते. आणि मग ती बोटाएवढी, चांदीच्या रंगाची, गवतात राहणारी मासळी, जिच्यात पाच-सहा जाती असतात पण सगळ्यांना मिळून एकच नाव, बारीक. शाळेत गुरुजींनी एकदा पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांची नावं विचारली. मी उभी राहून अकरा मासे सांगितले. बाराव्याला तोंड उघडलं तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘पुरे, बस खाली.’ तेव्हापासून मला कुणी बस म्हटलं की जास्तच बोलावंसं वाटतं. पुढं बत्तीस वर्षं मास्तरकी केली, ती बहुतेक याच हट्टानं.

वाईच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी आमची भोयांची आळी होती. सात घरं, सात पत्र्याच्या होड्या. घराघरांच्या मध्ये बांबूवर जाळी वाळत घातलेली असायची, आणि वारा सुटला की जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर आपटून किणकिणत. सासरी कडेगावला आले तेव्हा पहिले काही दिवस मला झोप येईना, आणि का येईना ते कळेना. तिथं उसाच्या पानांची सळसळ होती, पण ती किणकिण नव्हती. आई बारीक मासळी राखेत चोळून दगडावर घासायची, तीन पाण्यांनी धुवायची आणि भाजलेला कांदा-खोबरं, चिंचेचा कोळ घालून तिचं पातळ कालवण करायची. ज्वारीची भाकरी त्यात कुस्करली की काट्यासकट सगळं विरघळून जायचं. मोठा मासा आमच्या घरात फारसा शिजत नसे. तो विकायचा असतो, एवढंच आम्हाला ठाऊक. कटल्याचं डोकं मात्र कधीमधी यायचं आणि ते कुणी खायचं यावरून मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, अगदी लहान मुलांसारखे भांडायचो. माझी आई मध्ये पडायची नाही. ती तोवर त्यातला गाल खाऊन मोकळी झालेली असायची.

सकाळी आठच्या सुमाराला होड्या काठाला लागत. काठावर दोन गोणपाटं शिवून केलेलं एक मोठं फरताळ अंथरलेलं असायचं. सातही होड्यांतली मासळी त्या एका फरताळावर ओतायची. कुणी काय आणलं, किती आणलं, हे कुणी मोजायचं नाही. एखाद्याच्या होडीत आठ किलोचा कटला असायचा, एखाद्याच्या तळाला नुसतं पाणी असायचं, पण तोही रिकामी पाटी ढिगावर उपडी करून आपटायचा. ती रीतच होती. मग त्या ढिगाचे सात वाटे पडत. प्रत्येक वाट्यात थोडं मोठं, थोडं मधलं, ओंजळ-दोन ओंजळ बारीक. मोठा मासा एकच असला तर त्याचे सात तुकडे. वाटे लावून झाले की एक जण पाण्याकडं तोंड करून पाठमोरा उभा राही आणि दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारी, ‘ह्यो कुनाचा?’ पाठमोरा नाव घेई. त्याला वाटा दिसत नाही आणि बोट ठेवणाऱ्याला नाव ठाऊक नाही, मग भांडणार कोण आणि कुणाशी?

तो वाटा पाटीत भरून बायका एसटीनं वाईला जात. घाट आणि देवळं एका अंगाला, आम्ही बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. मी आईबरोबर बसायला लागले तेव्हा कळलं की आमच्या पाटीतली प्रत्येक जात वेगळ्या माणसासाठी आहे. कटला-रोहू खाणावळवाल्यांचा आणि नोकरदारांचा. चिलापी आणि मृगळ रविवारी घरी पाहुणे आलेल्यांचा. मरळ आजाऱ्याला, वांब हौशी माणसाला. आणि बारीक मोलमजुरीच्या बायकांची, बाळंतिणींची, घरात खाणारी तोंडं फार असलेल्यांची. मोठ्या माशाला भाव यायचा पण गिऱ्हाईक दोनच. बारकीला भाव नाही पण ती दहा वाजता संपलेली असायची. आई म्हणायची, ‘मोठा मासा पातळ आनतो, बारीक मासा पीठ आनतो.’ पातळ म्हणजे लुगडं. पीठ रोज लागतं, लुगडं वर्षातून एकदा.

आता आबांविषयी. सात होड्यांपैकी सहांकडं चारबोटी जाळी होती. जाळ्याच्या भोकात चार बोटं उभी मावली की ते चारबोटी. त्यातून लहान मासा सुटून जातो, मोठाच अडकतो. आबांचं जाळं एकबोटी. ते खोल पाण्यात टाकायचं नाही, काठच्या गवताला धरून टाकायचं, आणि मग त्यातली एकेक मासळी हातानं सोडवायची. चारबोटीवाले पंधरा मिनिटांत मोकळे व्हायचे, आबा आणि आई पहाटे होडीतच दोन तास वाकून बसायचे. एकबोटी जाळं विणायला आणि सांधायलाही चौपट वेळ. आळीतल्या म्हाताऱ्यांनी हे काम आबांकडं दिलं होतं, कारण त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. एकानं तरी बारीक आणली पाहिजे, नाहीतर वाटा पुरा कसा व्हायचा? पण मला तेव्हा त्यात मान दिसत नसे. मला दिसायचं की माझा बाप गुडघाभर चिखलात उभा आहे आणि तुकाकाका कटला खांद्यावर टाकून फोटो काढल्यासारखा चालतोय. माझ्या हाताला बारकीचा वास यायचा आणि तो साबणानं जात नसे. वर्गात माझ्या बाकावर दुसरी कुणी बसायची नाही.

तुकाकाका आमच्या शेजारचा. सख्खा नव्हे, पण आळीत सगळे काकाच. त्याची बायको सखूकाकी. तिच्याबद्दल काय सांगू? आई बाजारात गेली की मी तिच्या चुलीपाशी वाढले. मला पहिल्यांदा जाळ्याची गाठ मारायला तिनं शिकवली, आणि मला पाळी आली तेव्हा आईच्या आधी तिला कळलं. तिची मुलगी हिरा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तिचं लग्न लवकर झालं. मग तर काकीचा सगळा जीव माझ्यावर. मासळी कमी आली की ती म्हणायची, ‘शाले, तू आज आमच्यात जेव, तुज्या आयला सांग मी धरून ठिवलीय.’

मी अकरावी पास झाले, मॅट्रिक म्हणत तेव्हा. आळीत पहिलीच. मला सातारला जाऊन मास्तरकीचा कोर्स करायचा होता. आबा ‘बघू’ म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे पैसे नाहीत. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस पुण्याचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आळीत आला. बर्फाच्या पेट्या, पायात बूट, बोलणं गोड. त्याला फक्त कटला आणि रोहू हवा होता, दोन किलोच्या वरचा, आणि तो अख्खा. तुकडे चालणार नाहीत. भाव वाईच्या दीडपट. बारकीकडं बघून तो म्हणाला, ‘हे कोंबड्यांना घालता का?’ सगळे हसले. मीही हसले. आबा जाळं सांधत होते, त्यांनी मान वर केली नाही.

टेम्पोनं आळीच्या डोक्यात हिशेब घातला. चारबोटीवाल्यांना वाटायला लागलं, मासा आपला, पैसा आपला, मग तुकडे सात का? आणि मला काय वाटलं ते आता स्पष्टच लिहिते. मी शिकलेली. माझ्या हाताला पेन्सिल होती आणि डोक्यात सातारा. मी महिनाभर रोज संध्याकाळी सातही घरांत गेले आणि बायकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, आज बारकीचे किती आले, मोठ्याचे किती? त्या बिचाऱ्या सांगत गेल्या. सगळ्यांत नीट, आठवून आठवून सखूकाकीनं सांगितलं. तिला वाटलं पोरगी अभ्यास करतेय. मी घरी येऊन वहीत मांडत होते. महिन्याच्या शेवटी बेरीज केली तेव्हा माझेच डोळे विस्फारले. आबांची बारीक सात पाट्यांतून चिमूट-चिमूट विकली जात होती, पण रोज विकली जात होती. कटला कधी आठवड्यातून दोनदा यायचा, कधी एकदा, कधी नाहीच. एकत्र धरलं तर आबांच्या एकट्या होडीची कमाई तुकाकाकाच्या होडीपेक्षा काकणभर जास्तच होती. म्हणजे ज्याला सगळे हसले, तोच सगळ्यांना पोसत होता. असं मला वाटलं. गंमत अशी, की त्या दिवसांत तुकाकाकालाही अगदी हेच वाटत होतं, स्वतःबद्दल. ढिगाचा तोच गुण आहे, त्यात प्रत्येकाला आपलंच जास्त गेल्यासारखं वाटतं.

आळीची बैठक दुपारी करंजाच्या झाडाखाली बसली. तुकाकाका म्हणाला, ‘मोठा मासा ज्याचा त्यानं टेम्पोला द्यावा. बाकीचं ढिगात. आमी काय लय मागत न्हाई.’ आबा म्हणाले, ‘जाऊ द्या मोठं. टेम्पो काय जलमभर यायचा न्हाई. बारीक मातर ढिगातच ऱ्हाऊ द्या.’ झालं होतं. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. लोक उठायला लागले होते. आणि मी, बायकांच्या घोळक्यात मागं उभी असलेली, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, ‘मोठं ज्याचं त्याचं, तर बारीकबी ज्याचं त्याचं. न्याव म्हंजे न्याव.’ आणि वही उघडून वाचायला सुरुवात केली. घराघरांचे आकडे. कुणाच्या पाटीत आबांच्या बारकीचे किती पैसे झाले ते. वाचताना माझा आवाज छान खणखणीत लागला होता, हे मला अजून आठवतं आणि आठवलं की कानाची पाळी गरम होते. तुकाकाकाच्या घराचा आकडा आला तेव्हा सखूकाकी माझ्याकडं बघत होती. तिला कळलं, रोज संध्याकाळी मी कशाला येत होते ते.

आबा म्हणाले, ‘शाले, वही मिट.’ मी मिटली नाही. तुकाकाका उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, ‘मास्तरीनबाईंचं बरोबर हाय. ज्याचं त्याचं.’ दुसऱ्या दिवशी फरताळ कुणी अंथरलं नाही. घडी घालून ते आमच्याच पडवीत येऊन पडलं, कारण ते शिवलं होतं आबांनी.

पहिले दोन महिने सहा घरांत दिवाळी होती. टेम्पो आठवड्यातून तीनदा यायचा. तुकाकाकाकडं रेडिओ आला, आणखी एका घरात भिंतीवरचं घड्याळ. आमच्याकडं फक्त बारीक. आई आणि मी रोज वाईला जायचो, पूर्वी सात पाट्यांत पांगलेली मासळी आता आमच्या एका पाटीत. मोठा मासा नाही म्हणून खाणावळवाला आमच्याकडं फिरकेना, पण बाकी गिऱ्हाइकांनी रांग लावली. मी डब्यात पैसे टाकायची आणि मनातल्या मनात सातारच्या वसतिगृहातली खाट बघायची. आई मात्र त्या दिवसांत फार बोलत नसे. एसटीत ती पूर्वी सगळ्या बायकांबरोबर मागच्या बाकावर बसायची, ओव्या म्हणायची, आता आम्ही दोघीच. एकदा म्हणाली, ‘पाटी भरली की जड लागती गं.’ मला वाटलं तिची मान दुखतेय, म्हणून पाटी मी घेतली.

मग थंडी पडली. थंडीत कटला खोल पाण्यात जाऊन बसतो, हलत नाही, जाळ्यात येत नाही. हे काही नवीन नव्हतं, दर वर्षी व्हायचं. दर वर्षी त्या दिवसांत ढीग बारकीचाच असायचा आणि सात घरं त्यावर निघायची. कुणाच्या लक्षातही यायचं नाही की हे दिवस वाईट आहेत. या वर्षी आलं. सहा होड्या पहाटे जायच्या आणि रिकाम्या यायच्या. टेम्पोवाला दोन खेपा हात हलवत गेला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. एकबोटी जाळं विणावं तर सुतासाठी पैसे नाहीत, आणि विणलं तरी फेब्रुवारी उजाडणार. शिवाय तो हात कुणाला होता? काठच्या उबदार गवतात मात्र बारीक अशी माजली होती की आबांना एका खेपेत जाळं उचलवत नसे. रेडिओ वाजायचा बंद झाला. घड्याळ कुठं गेलं ते कुणी विचारलं नाही. आबा दोनदा आईला म्हणालेले मी ऐकलं, ‘सखूच्यात थोडी दिऊन ये.’ आई गेली होती. काकीनं दार उघडलं, हसून बोलली, म्हणाली, ‘हाय की आमच्यात,’ आणि पाटी आत घेतली नाही. आता ज्याचं त्याचं होतं ना.

त्याच सुमाराला आईला ताप आला आणि मी एकटी बाजारात गेले. साडेनऊची वेळ असेल, पाटीपुढं सात-आठ बायका उभ्या. मी भराभर तागडी चालवत होते. एक बाई डोक्यावरून पदर पुढं ओढून वाकली आणि हळूच म्हणाली, ‘अर्धा किलो बारीक दे.’ मी तागडी भरली, वर बघितलं. सखूकाकी.

आमच्या आळीत एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती असतेच. भोईणीनं भोईणीला मासा विकायचा नाही. द्यायचा, मागून घ्यायचा, उचलून न्यायचा, पण तागडी मध्ये आणायची नाही. कुठल्याही गावची भोईण असो, ओळख असो नसो. आणि ही तर काकी. आळीतून वाईपर्यंत एसटीनं येऊन, तिकिटाचे पैसे घालून, माझ्यापुढं गिऱ्हाईक म्हणून उभी होती. मी म्हणाले, ‘काकी, तुमी?’ ती इतर बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘हिरा आलीय बाळतपनाला. पोरीला दूध उतरंना. बारकीचा रस्सा द्या म्हनत्यात.’ आणि पदराची गाठ सोडली. ‘किती झालं?’

मला नको म्हणता आलं असतं. पाटी उचलून तिच्या पायांपाशी ठेवता आली असती. मागच्या बायका घाई करत होत्या, मी गांगरले होते, हे सगळं खरं. पण पूर्ण खरं सांगायचं तर मनात कुठंतरी बरं वाटलं. बघा, म्हटलं, शेवटी आलात ना बारकीपाशी. हे एका क्षणात आलं आणि गेलं. पण त्या क्षणात मी भाव सांगितला, काकीनं पैसे मोजून माझ्या तळहातावर ठेवले आणि मी ते डब्यात टाकले. तिची बोटं गार होती. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत येऊन म्हणाली, ‘तुज्या आयचा ताप उतरला का?’

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. लपवायचं असं काही वाटलंच नव्हतं मला, हेही लिहून ठेवते. मी म्हणाले, आज सखूकाकी आली होती, अर्धा किलो घेतली. आई गोधडीतून उठून बसली. ‘दिलीस ना?’ ‘दिली की.’ ‘पैसं?’ मी डबा पुढं केला. आईनं माझ्याकडं बघितलं. ‘सखूला तागडी लावलीस तू?’ ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच परत परत विचारत राहिली, ‘बाळतिनीच्या तोंडच्या घासाला? तागडी?’ आबा पडवीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. एवढंच म्हणाले, ‘तुजा दोष न्हाई पोरी. म्या त्या दिवशी वही वडून घ्याया पायजे हुती.’ मी रडले. रडताना पहिल्यांदा कळलं की माझी बेरीज बरोबर होती आणि तरीही चुकली होती. मी एक महिना मांडला होता. ढीग वर्षाचा होता.

दुसऱ्या दिवशी आबा एकटेच नेहमीपेक्षा लवकर परतले. त्यांनी पडवीतलं फरताळ काढलं, काठावर अंथरलं, त्याच्या सुरकुत्या हातानं सरळ केल्या आणि सगळी बारीक त्याच्यावर ओतली. मग सात वाटे घातले, ओंजळीनं, अगदी नेहमीसारखे. सहा होड्या रिकाम्याच काठाला लागल्या होत्या. माणसं होडीतच बसून बघत होती, कुणी उतरेना. आबा पाण्याकडं तोंड करून पाठमोरे उभे राहिले. बोट ठेवायला कुणी पुढं येईना. शेवटी मीच खाली वाकले. पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ह्यो कुनाचा?’ आबा पाण्याकडं बघत म्हणाले, ‘तुकाचा.’ ‘ह्यो कुनाचा?’ दुसरं नाव. तिसरं. स्वतःचं नाव त्यांनी शेवटी घेतलं. मग तुकाकाका होडीतून उतरला, आपली रिकामी पाटी घेऊन आला आणि ती फरताळावर उपडी करून आपटली. दोनदा आपटली. एक काटकी पडली तिच्यातून. त्याच्यामागं बाकीचे आले.

ढीग त्यानंतर पुष्कळ वर्षं चालला. कटला आला की सातांचा, नाही आला की बारीक सातांची. टेम्पो पुन्हा आला तेव्हा त्याला अख्खा मासा दिला, पण पैसे फरताळावर ठेवले आणि त्याचे सात वाटे झाले. पुढं पोरं पुण्याला कामाला गेली, होड्या कमी झाल्या, आता तिथं कुणा ठेकेदारानं एकाच जातीचं बी सोडलंय म्हणे. मी मास्तरीण झाले. कोर्सची फी त्या थंडीतल्या डब्यातूनच गेली, आबांनी एक पैसा बाजूला काढू दिला नाही. म्हणाले, ‘कमावलं ते शिक्शनाला लागू दे, घरात नगं.’ त्या डब्यात काकीचेही पैसे होते. ते वेगळे काढता येत नव्हते. मुलांना मी वर्षानुवर्षं बेरीज शिकवली, आणि उत्तर बरोबर आलं की त्यांना पाठीवर थाप देताना हात जरा अडखळायचा, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल.

मागच्या वर्षी हिराच्या नातवाच्या लग्नाला गेले होते. सखूकाकी आता हिराकडंच, पडवीत खाटेवर असते. डोळ्यांना कमी दिसतं, माणसं विसरते, तुकाकाका कधीचा गेला तरी जेवला का म्हणून विचारते. मी वाईच्या बाजारातून बारीक घेतली होती, आणि हिराच्या सुनेला सांगून तिथंच चिंचेच्या कोळातलं कालवण करून घेतलं. वाटी घेऊन काकीजवळ बसले, भाकरी कुस्करून दोन घास भरवले. तिनं तोंडात घोळवून घोळवून खाल्ले. तिसऱ्या घासाला माझा हात बाजूला केला आणि पदराची गाठ चाचपडू लागली. गाठीत काही नव्हतं, नुसतीच गाठ होती. तरी ती सोडत होती. म्हणाली, ‘किती झालं?’

मला वाटलं, बाजारातली कुणीतरी बाई समजतेय. मी तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, ‘आवं काकी, मी शालन. शाली तुमची.’

‘व्हय, वळाकलं की,’ काकी म्हणाली. ‘म्हनून तर इचारलं.’